मे महिन्यात सोलापूरला छोटं विमान उतरवताना

होटगी रस्त्यावरचं सोलापूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० फुटांवर आहे. मे महिन्यात भर दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, की विमानाच्या पंखाखालची हवा मात्र ५२०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. कळसूबाईचं शिखर ५४०० फुटांवर आहे. त्यापासून आपण फार दूर राहत नाही.

हिशेब सोपा आहे आणि तो उड्डाणाआधी कागदावर करावाच. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते साधारण २ अंशांनी उतरतं. त्यामुळे सोलापूरच्या उंचीला १२ अंश असायला हवेत. असतात ४२. फरक ३० अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की ३६०० फूट झाले, ते १५८० मध्ये मिळवायचे. या बेरजेला, म्हणजे सुमारे ५२०० फुटांना, डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

आता विमानातल्या वेगाच्या काट्याकडे बघू. पंखाखालच्या पिटो नळीत समोरून हवा शिरते आणि तिचा दाब काटा दाखवतो. पंखाला मिळणारी उचलही त्याच दाबावर अवलंबून असते. म्हणून हवा जाड असो की विरळ, पंख जवळपास काट्यावरच्या त्याच आकड्याला स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम कोसळते. सेसना १७२एस हे छोटं विमान पूर्ण फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) लावून कमी जागेत उतरवायचं, तर काट्यावर ६१ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) ठेवतात. ते कोकणातही ६१ आणि सोलापूरलाही ६१. पण सोलापूरच्या दुपारी काटा ६१ दाखवत असताना विमान खरं तर ६६ नॉटच्या आसपास हवा कापत असतं.

पाच नॉट ऐकायला थोडे वाटतात. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे चाकं टेकल्यावर ब्रेकना सुमारे १७ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते आणि धाव त्या प्रमाणात लांबते. सोलापूरची धावपट्टी दोन किलोमीटरच्या घरात आहे, सेसनाला ती भरपूर पुरते. खरा धोका वैमानिकाच्या डोळ्यात आहे. खालची जमीन नेहमीपेक्षा भरभर मागे पळताना दिसते, ‘वेग फार झाला’ असं वाटतं आणि हात नकळत थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतो, नाक वर ओढतो. काटा ५५ वर येतो, मग ५० वर. जमिनीकडे बघून वेग ठरवायचा नाही, हे या हवेत पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावं लागतं.

हीच चूक सगळ्यात घातक ठरते ती बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (तिच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना. काट्यावर ७० नॉट आणि पंख ३० अंश कलता, तर थंड हवेत समुद्रसपाटीला वळणाची त्रिज्या सुमारे २३० मीटर येते. तापलेल्या सोलापुरात तीच २६५ मीटर होते. नेहमीच्या जागी वळायला सुरुवात केली, तर विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जातं. मग वैमानिक वळण आवळतो. पंख ४५ अंश कलवून उंची टिकवायला गेलं तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. जास्त कलायची भीती वाटली, की तो रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) दाबून नाक आत ढकलतो. तेव्हा आतल्या बाजूचा पंख हळू पडतो, आधी स्टॉल होतो आणि विमान त्या अंगावर कोसळत फिरू लागतं. पाचशे फुटांवर सावरायला उंचीच नसते. रेषा ओलांडली गेली तर ३० अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही. तेवढ्यात जमलं नाही, तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर.

उलट टोकाची चूक म्हणजे ‘असू दे सुरक्षित’ म्हणून वेग वाढवून येणं. १० टक्के जादा वेग म्हणजे २१ टक्के जादा ऊर्जा. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, वैमानिक ते जबरदस्तीने खाली दाबतो, नाकाचं चाक आधी आदळतं आणि विमान उसळतं. घाबरून योक (हातातलं नियंत्रणाचं चाक) पुढे ढकलला तर दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते. तिसरीपर्यंत प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. उसळी छोटी असेल तर नाक आहे तसंच धरावं, थोडी पॉवर द्यावी, विमान आपोआप बसतं. मोठी असेल तर परत वर जावं.

वाऱ्याचे झोत असतील तेव्हा मात्र वेग वाढवायचा, तोही मोजून. वारा १२ नॉट आणि झोत २० चे, तर फरक ८, त्याचे निम्मे म्हणजे ४ नॉट. दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावरून विमान वर फेकलं जातं आणि तळ्याच्या पाण्यावर बसकण मारतं. काटा थोडा नाचतो. प्रत्येक हालचालीमागे थ्रॉटल पुढेमागे करू नये, नाकाचा कोन धरून ठेवावा. जमिनीपासून ५०० फुटांवर येईपर्यंत वेग, उतार, फ्लॅप आणि धावपट्टीची रेषा हे सगळं जागच्या जागी असायला हवं. नसेल तर पुढे ओढाताण करू नये.

गो-अराउंडचा क्रम हातात बसलेला हवा. थ्रॉटल सलग पूर्ण पुढे. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनात कार्ब हीट (कार्बोरेटरला दिलेली गरम हवा) बंद. उतरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे (योकवरचा जोर हलका करणाऱ्या जुळणीमुळे) नाक जोरात वर उठतं, ते योक पुढे दाबून रोखायचं आणि सोबत उजवा रडर. फ्लॅप लगेच २० अंशांवर, ६० नॉट धरून चढ मिळाली की १० वर, आणि सुरक्षित उंचीवर ६५ नॉट झाल्यावर शून्य. एकदम सगळे काढले तर विमान खाली बसतं. या हवेत टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण १५ टक्के घटलेली असते, त्यामुळे चढ रेंगाळते. म्हणून निर्णय लवकर घ्यायचा.

विमानतळाजवळची साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी २०२३ मध्ये पाडली, त्याचं महत्त्व इथे कळतं. तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान धावपट्टीपासून १ किलोमीटरवर फक्त ५२ मीटर उंच असतं.

उतरण्याच्या सरावाला मे महिन्यात पहाटेनंतरचा पहिला तास धरावा. पारा २६ वर असताना वरचाच हिशेब ३२६० फुटांवर येतो आणि रानं अजून तापलेली नसतात.