बॅच चालू असतानाच तिच्या आत पाहायचं कसं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोचा, म्हणजे प्रकाशावरून धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आल्याशिवाय धातू ओतत नाहीत. वितळलेल्या लोखंडाचं नाणं तांब्याच्या साच्यात झटकन थंड करायचं, घासून सपाट करायचं आणि त्यावर ठिणगी पाडायची. त्या ठिणगीच्या प्रकाशावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते कळतं. कमी-जास्त असेल तर भट्टीतच दुरुस्ती होते. औषधनिर्मितीत मात्र वर्षानुवर्षं बॅच संपल्यावर नमुने प्रयोगशाळेत जायचे, आणि तोवर हातात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये मार्गदर्शिका काढून प्रक्रिया चालू असतानाच मोजमाप करण्याला चालना दिली.

गोळ्यांसाठीचे ओले ग्रॅन्यूल, म्हणजे औषधाच्या पावडरीचे दाणे, फ्लुइड बेड ड्रायरमध्ये गरम हवेवर उडवत वाळवतात. ओलावा साधारण 20 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या आसपास आणायचा असतो. नेमका आकडा औषधागणिक बदलतो. जास्त वाळले तर गोळीची वरची चकती सुटून येते, ओले राहिले तर माल गोळी दाबणाऱ्या पंचला चिकटतो. जुन्या पद्धतीत काही ग्रॅम नमुना काढून हॅलोजन बॅलन्सवर, म्हणजे दिव्याने तापवत वजनातली घट मोजणाऱ्या काट्यावर, 105 अंशांना तापवतात. त्याचा आकडा येईपर्यंत ड्रायर थांबवा, नाहीतर अंदाजाने चालवा.

त्याऐवजी ड्रायरच्या भिंतीत नीलम काचेचा प्रोब बसवतात. तो नियर-इन्फ्रारेड, म्हणजे 780 ते 2500 नॅनोमीटरचा प्रकाश ग्रॅन्यूलवर टाकतो. पाणी 1450 आणि 1940 नॅनोमीटरच्या आसपास हा प्रकाश जोरात शोषतं, त्यामुळे काही सेकंदांना एक वाचन मिळतं.

घोटाळा होतो तो काचेवर. ओली पावडर तिथे चिकटली की प्रोब तोच थर पुन्हा पुन्हा वाचतो, आलेखाची रेषा सपाट होते आणि माल वाळला असं वाटतं. आत माल ओलाच असतो. म्हणून काचेवर ठरावीक वेळाने हवेचा झोत मारायची सोय हवी, आणि झोतानंतर वाचन उडी मारतंय का हेही पाहायला हवं. उडी मारली तर आधीची रेषा खोटी होती.

दुसरी अडचण तापमानाची. माल गरम झाला की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि शोषणाचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. ओलावा तेवढाच असून आकडा बदलतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणखी एक भर पडते. ड्रायरची हवा आधी कोरडी केलेली नसेल तर वाळायला वेळ लागतो, ग्रॅन्यूल जास्त वेळ एकमेकांवर घासतात, चुरा वाढतो आणि प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरतो. फक्त मार्च-एप्रिलच्या बॅचेसवर बांधलेलं, प्रकाशाच्या वाचनावरून ओलावा काढणारं गणिती मॉडेल जुलैत फसतं. मॉडेल घडवताना, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये, पावसाळी बॅचेस, गरम-थंड नमुने, जाड-बारीक कण सगळे हवेत. या कामात खरी मेहनत इथेच आहे. उपकरण विकत मिळतं, मॉडेल मिळत नाही.

पेशी वाढवून औषध करतात त्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये सगळीकडे पाणीच. तिथे सर सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेला परिणाम (रेणूंवरून विखुरताना प्रकाशाच्या काही भागाची तरंगलांबी बदलते, तो) कामी येतो, कारण पाण्याचा रामन संकेत क्षीण असतो आणि पेशींचं खाद्य असलेलं ग्लुकोज आणि त्यातून पेशी तयार करतात ते लॅक्टेट यांचे संकेत त्यातून वेगळे काढता येतात. बहुधा 785 नॅनोमीटरचा लेसर वापरतात, आणि खोलीतला उजेड आत शिरू नये म्हणून काचेचं भांडं फॉइलने झाकतात.

इथला सापळा फार बेमालूम आहे. बॅचमध्ये ग्लुकोज घटतं तसतसं लॅक्टेट वाढतं, म्हणून मॉडेल ग्लुकोजऐवजी लॅक्टेटच ओळखायला शिकतं आणि तरी आकडे जुळतात. पुढे पेशींनी लॅक्टेटच खायला सुरुवात केली की ग्लुकोजचा अंदाज कोसळतो. उपाय सोपा आहे: काढलेल्या नमुन्यांत ग्लुकोज मुद्दाम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं, म्हणजे दोघांची जोडी तुटते.

आपल्याकडच्या डिस्टिलरीत मळीच्या वॉशवर, म्हणजे आंबवलेल्या मळीवर, हीच युक्ती थेट चालत नाही. मळीतली गडद रंगद्रव्यं लेसरखाली स्वतःच चमकतात आणि रामन संकेत त्यात बुडतो. 1064 नॅनोमीटरचा लेसर घेतला तर ही चमक कमी होते. दुसरा मार्ग मिड-इन्फ्रारेडच्या (नियर-इन्फ्रारेडहून लांब तरंगलांबीच्या प्रकाशाच्या) एटीआर प्रोबचा, जो टोकाला लागून असलेला पातळ थरच वाचतो. त्याच्या हिऱ्याच्या टोकापासून प्रकाश द्रवात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतो, त्यामुळे गडद रंग आणि बुडबुडे फारसे आड येत नाहीत. पण तेवढ्याच जाडीचा यीस्टचा थर टोकावर साचला तर सगळं मोजमाप त्या थराचं होतं. म्हणून दर धुलाईनंतर स्वच्छ पाण्याचा स्पेक्ट्रम (शोषणाचा आलेख) घेऊन पहिल्या दिवशीच्या स्पेक्ट्रमवर ठेवून पाहायचा, आणि फरक दिसला तर पुढची बॅच भरण्याआधी टोक पुन्हा धुवायचं.