वेग कमी वाटतोय? कंपनी बदलण्याआधी केबल लावून मोजा

नवं इंटरनेट कनेक्शन सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक ठरलेला फोन येतो: "२०० मेगाबिटचा प्लॅन घेतला, मोबाइलवर ४५ दिसतायत. मग जुनं काय वाईट होतं?" खरं सांगायचं तर जुनंही कदाचित वाईट नव्हतं. वेग अडत होता घराच्या आत, आणि घराच्या आतलं काहीच बदललेलं नाही. राउटर त्याच टीव्हीमागे, मोबाइल त्याच खोलीत, मध्ये त्याच दोन भिंती.

मग आमचा माणूस येतो, लॅपटॉपला केबल लावतो, १९० दाखवतो, आणि तुमची-आमची दोघांची सकाळ त्यात जाते. ती वाचावी म्हणून हे पत्रक. आमच्याकडे येणार असाल तर येण्याआधी वाचा. जुन्याच कंपनीकडे राहणार असाल तरी यातलं बरंच कामी येईल.

मोजायचं कसं

लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. दोन्ही चालू राहिलं तर मोजणी वायफायवरूनच होऊ शकते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. घरातले इतर मोबाइल आणि टीव्ही थोडा वेळ वायफायवरून काढा. फोटोंचा बॅकअप किंवा एखादं अपडेट मागे चालू नाही ना, ते बघा. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला वगैरे जोडणारी खासगी वाट) असेल तर बंद करा.

मग स्पीड टेस्ट घ्या: एकदा पहाटे, एकदा दुपारी, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. तिन्ही वेळा सर्व्हर एकच निवडा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. प्रत्येक वेळी डाउनलोड, अपलोड आणि पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) असे तीन आकडे वेळेसकट लिहून ठेवा. त्यानंतर मोबाइलवर दोनदा मोजा, एकदा राउटरपासून दोन पावलांवर आणि एकदा जिथे त्रास होतो त्या खोलीत.

लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा अडॅप्टर मिळतो. तो गिगाबिटचा (म्हणजे १००० मेगाबिटचा) आणि यूएसबी ३ चा आहे ना, हे बघून घ्या. स्वस्तातले बरेचसे अडॅप्टर १०० मेगाबिटच्या पुढे जात नाहीत, आणि मग दोष आमच्या किंवा जुन्या कंपनीच्या माथी बसतो.

९४ वर अडलेला आकडा

केबल लावून कितीही वेळा मोजलं तरी आकडा ९३-९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर लाइनवर शंका घेऊ नका. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात एवढंच निघतं. उरलेला वाटा डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता आणि वेष्टन खातं. (गिगाबिटचं पोर्टही याच कारणाने १००० नाही, ९४० च्या आसपास दाखवतं.)

याची कारणं दोन. एक म्हणजे राउटरचं पोर्टच १०० चं असतं. जुन्या आणि काही नव्या स्वस्त राउटरमध्येही तसं असतं. खोक्यावर "गिगाबिट वायफाय" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी पोर्टचा वेग वेगळा छापलेला असतो, तो वाचा.

दुसरं कारण केबल. लॅन केबलमध्ये ४ जोड्या, म्हणजे ८ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या ४ पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. प्लगमधली एखादी तार सैल झाली, दाराखाली केबल चेपली किंवा उंदराने एक तार कुरतडली, तर दोन्हीकडची उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट बंद पडत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही, म्हणून केबलचा संशयच येत नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल तर आधी केबल बदला. केबलच्या अंगावर "कॅट ५ई" छापलेलं असलं की १०० मीटरपर्यंत गिगाबिटला ती पुरते. त्याहून महाग केबल घरात घालून वेग वाढत नाही. आमच्याकडे केबल विकायला आहेत, तरी हे सांगतो.

केबलवर वेग आहे, वायफायवर नाही

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि असं असेल तर केवळ वेगासाठी कंपनी बदलू नका. आमच्याकडे आलात तरी वायफाय तेच राहील.

राउटर सहसा रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची पट्टी लांब जाते, भिंतीही बऱ्यापैकी पार करते, पण ती अरुंद आहे. एकमेकांत न घुसणारे चॅनेल तिथे तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच जागेत दाटीवाटीने बसलेले असतात. दाट वस्तीत तिच्यावर ३० ते ६० मेगाबिट मिळाले तर ठीक समजावं. तुमचा प्लॅन १०० चा असो की ५०० चा, त्या खोलीतल्या मोबाइलला फरक पडत नाही. ५ ची पट्टी रुंद आहे. राउटर त्याच खोलीत असेल तर साध्या मोबाइललाही ३००-४०० सहज मिळतात, पण सिमेंटची एखाद-दुसरी भिंत आडवी आली की आकडा धपकन खाली येतो.

म्हणून जागा आधी बघा. घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, मोठ्या आरशामागे किंवा फिशटँकच्या आड राउटर ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवून बोल म्हणणं. आमचा माणूस जोडणीच्या दिवशी जागेवरून हुज्जत घालतो ती यासाठीच. ओएनटीची पेटी (बाहेरून येणारं फायबर जिला जोडतात ती) दाराजवळ राहू द्या, तिथून राउटरपर्यंत दहा-पंधरा मीटर लॅन केबल ओढायला आम्ही सुचवतो. दिसायला थोडी वाईट दिसते, कबूल.

लांबच्या खोलीसाठी रिपीटर (वायफाय झेलून पुढे पाठवणारी पेटी) घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: एकाच पट्टीवर ऐकणारा आणि त्याच पट्टीवर पुढे बोलणारा रिपीटर वेग जवळपास अर्धा करतो, कारण ऐकताना त्याला बोलता येत नाही. त्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे अॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारी पेटी) लावणं हा खरा उपाय. केबल नेणं शक्यच नसेल तर मेश (मिळून एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन पेट्या), तोही दोन पेट्यांमधल्या संवादासाठी वेगळी पट्टी राखणारा.

बदल कधी करावा

केबलवर पहाटे पूर्ण वेग आणि रात्री त्याच्या चौथाई, असं रोज होत असेल तर बदलायला सबळ कारण आहे. सामायिक लाइन सगळेच देतात, आम्हीही. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरून खाली येणारा साधारण २.५ गिगाबिट आणि वर जाणारा १.२५ गिगाबिट वेग स्प्लिटरने (एका धाग्याच्या अनेक फांद्या करणाऱ्या पेटीने) ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून हे जमतं. प्रश्न असतो तो कंपनीने तिथून पुढची वाट पुरेशी रुंद ठेवली आहे का, याचा. त्याचं उत्तर रात्रीच्या आकड्यात मिळतं, जाहिरातीत नाही. आमचंही तिथेच तपासा.

घरापर्यंत अजून तांब्याची टेलिफोन लाइन येत असेल तर फार मोजत बसू नका. एडीएसएल २+ ची कमाल मर्यादाच २४ मेगाबिट, आणि एक्स्चेंजपासूनचं अंतर वाढलं की तीही उतरते. तिथे फायबर घेतलं की फरक नक्की जाणवतो.

अपलोडही विचारा. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा समोरच्याला अडखळत दिसतो तो बहुधा अपलोडमुळे. एका चांगल्या कॉलला वर जाणारे ३-४ मेगाबिट लागतात. घरात तिघे एकाच वेळी कॉलवर आणि कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवर, असं असेल तर हिशोब आधी करा. प्लॅनमधला "२००" बहुतेकदा फक्त डाउनलोडचा असतो.

आणि एक जुना गोंधळ: प्लॅन मेगाबिटमध्ये, डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये. ८ ने भागा. २०० च्या प्लॅनवर खिडकीत २५ दिसत असतील तर पूर्ण वेग येतोय.

बदलायचं ठरलंच तर

जुनं कनेक्शन आधी तोडू नका. नवं सुरू झाल्यावर निदान एक आठवडा दोन्ही ठेवा. रात्रीची मोजणी, ऑफिसचा व्हीपीएन, कॅमेरे, टीव्ही हे सगळं त्या आठवड्यात तपासून होतं. आठवडाभराचं दुहेरी बिल खुपतं खरं, पण फायबर टाकायला परवानगीसाठी दोन दिवस जास्त लागले तर घर अंधारात राहत नाही. जुन्या कंपनीचा ईमेल पत्ता किंवा लँडलाइन नंबर वापरत असाल तर त्याची सोय तोडण्याआधी करा. पेट्या परत देताना सीरियल नंबरसह पावती घ्या.

नव्या राउटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच द्या, लहान-मोठी अक्षरंसुद्धा तंतोतंत. म्हणजे टीव्ही, प्रिंटर, बल्ब आपापले जोडले जातात. मात्र त्याआधी जुन्या राउटरचं वायफाय बंद करा, नाहीतर मोबाइल दोघांमध्ये उड्या मारत राहतो.

जुना राउटर चांगला आहे, तोच नव्या पेटीला जोडून द्या, असा आग्रह बरेच जण करतात. आम्ही तो तसाच जोडत नाही, कारण मग दोन राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला लागतात. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर घरात आलटून पालटून इंटरनेट जातं आणि कारण सापडत नाही. जुना राउटर नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता बदला आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या पोर्टमध्ये) न लावता लॅनच्या पोर्टमध्ये लावा. सांगितलंत तर आमचा माणूस जोडणीच्या वेळीच करून देतो.

घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत असाल तर कनेक्शन घेतानाच सांगा. राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर बाहेर दिसणारा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरातल्या उपकरणापर्यंत पोचायची सोय) चालत नाही. त्यासाठी वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घराचा पत्ता, घ्यावा लागतो.

फायबरच्या बारीक वायरला काटकोनात दुमडू नका, खिळ्यावर गुंडाळू नका. हिरवा प्लग साफसफाईसाठी काढू नका, त्याच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा लावून बघू नका.

फोन करताना

ओएनटीवर "लॉस" (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर मोजणीची गरज नाही. फायबर तुटलं किंवा निघालं आहे, लगेच कळवा. दिवे ठीक असून वेग कमी असेल तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: केबल लावून मिळालेला आकडा, मोजणीची वेळ आणि राउटर-कॉम्प्युटरमधल्या लिंकचा वेग. यावरून पुष्कळदा फोनवरच निकाल लागतो. केबलवर मोजलेला वेग प्लॅनपेक्षा कमी असेल तर काम आमचं आहे, आम्ही येतो. फक्त मोबाइलवरचा आकडा असेल तर आधी राउटर टीव्हीमागून काढून बघा.