पोलिसांनी ओळखपत्र मागितलं तर: मुंबईत कधी दाखवणं बंधनकारक, कोणती कागदपत्रं जवळ हवीत आणि तक्रार अर्ज कुठे करायचा

सरळ उत्तर आधी. नागरिकाने घराबाहेर पडताना खिशात ओळखपत्र ठेवलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. तुम्ही रात्री परळच्या फुटपाथवरून पायी घरी निघाला आहात, काही गुन्हा केलेला नाही, कोणाचा तुमच्यावर आरोपही नाही, आणि गस्तीवरच्या पोलिसाने "आधार दाखव" म्हटलं, तर जवळ आधार नसणं हा गुन्हा नाही. त्यासाठी दंड नाही आणि अटकही नाही. मात्र गाडी चालवताना, लोकलमध्ये पासवर प्रवास करताना किंवा एखाद्या गुन्ह्याचा आरोप असताना नियम वेगळे होतात. ते नीट माहीत नसल्यामुळे काही जण गरज नसताना घाबरतात आणि काही जण गरज नसताना हुज्जत घालतात. नुकसान दोघांचंही होतं.

नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने कलम १४अ आलं. केंद्र सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकेल, असं त्यात म्हटलं आहे. तसं कार्ड देशभर आजवर दिलं गेलेलं नाही. आधार म्हणजे ते कार्ड नव्हे. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेलं आहे. त्यामुळे "आधार नाही म्हणजे तू इथला नाहीस" हे वाक्य कायद्यात बसत नाही, मग ते बोलणारा कितीही मोठा अधिकारी असो.

कायदा मागतो ते नाव आणि पत्ता

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचं कलम ३९ (जुनं कलम ४२) इथे महत्त्वाचं आहे. एखाद्याने पोलिसासमोर अदखलपात्र (म्हणजे ज्यात पोलीस एरवी वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा) गुन्हा केला किंवा त्याच्यावर तसा आरोप असला, आणि विचारल्यावर त्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटं सांगतोय असं वाटायला कारण असलं, तर खरं नाव-पत्ता कळेपर्यंत पोलीस त्याला अटक करू शकतात. खरी माहिती कळली की बंधपत्रावर सोडायचं. २४ तासांत कळली नाही, तर दंडाधिकाऱ्यासमोर न्यायचं.

या कलमात 'कार्ड' कुठेच नाही. कायदा नाव आणि राहण्याचा पत्ता विचारतो, आणि तो खरा सांगायचा असतो. पोलिसाला शंका आली तर पडताळणीचे मार्ग त्याच्याकडे आहेत: घरी फोन लावणं, शेजाऱ्याला किंवा मालकाला विचारणं. ओळखपत्र दाखवलं की हे सगळं पटकन उरकतं, म्हणून जवळ असेल तर दाखवावं, असंच माझं सांगणं आहे. पण ही झाली सोय, सक्ती नव्हे. चुकीचं नाव सांगण्याचा मोह मात्र कधीही होऊ देऊ नका. जिथे काहीच प्रकरण नव्हतं तिथे खोट्या नावामुळे प्रकरण उभं राहतं.

पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणंही बंधनकारक आहे. त्याच संहितेच्या कलम १७२ प्रमाणे, "इथून हला", "इकडे थांबू नका" अशी कर्तव्य बजावताना दिलेली सूचना धुडकावली तर ताब्यात घेता येतं. हक्क माहीत आहेत म्हणून आवाज चढवायचा नसतो. शांतपणे विचारा: "साहेब, कशासाठी विचारताय? काही तक्रार आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गाडीवर असाल तर कागदपत्रं दाखवावीच लागतात

नाकाबंदीत सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३० सांगतं की सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर वाहन परवाना दाखवला पाहिजे. 'गणवेशातल्या' हा शब्द कायद्यातलाच आहे. साध्या कपड्यातला माणूस दुचाकी अडवून लायसन्स मागत असेल, तर आधी त्याचं ओळखपत्र बघायला मागा.

जवळ हवीत ती कागदपत्रं अशी: लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना याशिवाय परमिट, फिटनेस आणि बॅज. हे सगळं कागदावरच हवं असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या नियम १३९ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली कागदपत्रंही चालतात, म्हणजे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमधली. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो मात्र त्यात मोडत नाही, आणि बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात. रेंज नसलेल्या ठिकाणी अ‍ॅप उघडत बसण्यापेक्षा घरातून निघण्याआधीच कागद त्यात उतरवून ठेवा.

लायसन्स घरी राहणं आणि लायसन्सच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स नसताना गाडी चालवली तर कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फक्त जवळ नसेल तर प्रकरण त्या मानाने पुष्कळ हलकं असतं. चलानावर कोणतं कलम लावलं आहे ते तिथेच वाचा. पोलिसाने लायसन्स जप्त केलं, तर कलम २०६ प्रमाणे त्याने तात्पुरती पोच द्यायची असते, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी होईल तोवर, त्या पोचेवर गाडी चालवता येते. पोच मागायला संकोचू नका.

लोकलचं थोडक्यात. तिकीट तपासनीस पोलीस नसतो, पण त्याला तिकीट किंवा पास दाखवणं रेल्वे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पासवर ज्या ओळखपत्राचा क्रमांक आहे ते सोबत हवं.

संशयावरून थांबवलं तर

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मुंबईत लागू आहे. त्याच्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत कोणी घरफोडीचं साहित्य घेऊन, गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकून, किंवा दुसऱ्याच्या इमारतीत समाधानकारक कारण न सांगता सापडला, तर तो गुन्हा आहे. रस्त्यात कोणाकडची वस्तू चोरीची असल्याचा प्रामाणिक संशय आला तर ती तपासण्याचा आणि तिच्याबद्दल विचारण्याचा अधिकारही याच कायद्याने पोलिसांना दिला आहे. म्हणजे संशयाला काहीतरी आधार हवा. रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, भायखळ्याला भाजी घ्यायला पहाटे तीनला निघालेली बाई, डिलिव्हरीचं पार्सल घेऊन जिना चढणारा पोरगा, हे केवळ त्या वेळी रस्त्यावर दिसले म्हणून संशयित होत नाहीत. अशा माणसांनी कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र किंवा अ‍ॅपवरची चालू ऑर्डर दाखवली तर बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो.

मोबाइल उघडून दाखवण्याची मागणी हा ओळखपत्राच्या पार पलीकडचा विषय आहे. तुमचे मेसेज म्हणजे तुमची ओळख नव्हे. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. गुन्ह्याच्या तपासात फोन रीतसर जप्त होऊ शकतो, पण वाटेवर उभं करून "व्हॉट्सअ‍ॅप उघड" म्हणण्याचा सर्वसाधारण अधिकार कुठल्याही कलमात नाही. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० ने दिला आहे, आणि त्याची कल्पना पोलिसांनीच तुम्हाला द्यायची असते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची.

परक्या बोलीमुळे अडवल्या जाणाऱ्यांसाठी

याबद्दल जास्त लिहायला हवं, कारण याचा मार हातावर पोट असलेल्यांनाच बसतो. परदेशी नागरिकांचा नियम वेगळा आहे. त्यांनी पासपोर्ट-व्हिसा दाखवणं बंधनकारक आहे, आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने संशयिताच्या खांद्यावर टाकली आहे. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या कायद्यातही ते कायम आहे. त्यामुळे बांगलादेशी घुसखोरांच्या शोधमोहिमेत मालदा किंवा मुर्शिदाबादहून मुंबईत आलेला गवंडी केवळ बांगला बोलतो म्हणून अडवला जातो, तेव्हा सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येऊन पडतं.

त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात स्पष्ट केलं की केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र आहे म्हणून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. म्हणून अशा कामगारांनी, आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या मुकादमांनी, आणखी काही कागद तयार ठेवावेत: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांचं नाव असलेली जुनी मतदार यादी किंवा जमिनीचा कागद, गावच्या पंचायतीचा रहिवासी दाखला आणि तिथला फोन नंबर. मूळ कागद झोपडीत ठेवू नका, गावी ठेवा. सोबत झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन पुरे. एक संच इथल्या विश्वासू माणसाकडे द्या, कारण माणूस ताब्यात असताना त्याचा फोन त्याच्या हातात नसतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली आहे का, ते बघून घ्यावं. मुंबई पोलीस त्यासाठी वेळोवेळी आदेश काढतात, ही नोंदणी ऑनलाइनही होते, आणि तिची पोच हा पत्त्याचा चांगला पुरावा ठरतो.

"ठाण्यात चल" म्हणाले तर

पहिला प्रश्न: "मला अटक करताय का?" अटक असेल तर कारण सांगावं लागतं आणि तुमच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

अटक नसेल आणि साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांची चौकशी त्यांच्या राहत्या ठिकाणीच करायची, असं तेच कलम सांगतं.

समोरचा खरंच पोलीस आहे ना, हेही पाहा. "पुढे दंगल झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतये मुंबईत वयस्कर माणसांना अजून लुबाडतात. खरा पोलीस तुमचे दागिने बांधून देत नाही. शंका आली की ११२ ला फोन करा. व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अटक' कायद्यात अस्तित्वातच नाही. त्यासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तक्रार अर्ज: कोण, कुठे, कशाने

ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो, किंवा त्याच्या वतीने घरचं माणूस अर्ज करू शकतं. वकील लागत नाही, शुल्कही नाही. आधी संबंधित ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकाकडे आणि त्याच दिवशी प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे द्या. दोन्हीकडे शिक्क्यासह पोच घ्या. ठाण्यात घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती हीच पोच. अर्जाचा मसुदा साधाच असावा:

"प्रति, मा. पोलीस उपायुक्त, परिमंडळ ___, मुंबई. विषय: दि. ___ रोजी ओळखपत्रावरून अडवून ठेवल्याबाबत. महोदय, वरील तारखेला ___ वाजता ___ येथे आपल्या विभागातील कर्मचाऱ्याने (नाव/बक्कल क्रमांक ___, वाहन क्रमांक ___) मला थांबवले. मी नाव व पत्ता सांगितला. त्यानंतरही मला ___ वाजेपर्यंत ___ येथे बसवून ठेवण्यात आले. कारण सांगितले गेले नाही. स्टेशन डायरीतील नोंद व सीसीटीव्ही चित्रीकरण तपासून चौकशी व्हावी, तसेच हे चित्रीकरण जपून ठेवावे, ही विनंती."

सोबत स्वतःच्या पत्त्याचा एक पुरावा, साक्षीदार असल्यास त्याचं नाव, चलान किंवा पावती झाली असल्यास तिची प्रत, आणि मारहाण झाली असेल तर सरकारी रुग्णालयातला केसपेपर जोडा. रुग्णालयात त्याच दिवशी जा. विशेषणं आणि राग कागदावर नको, वेळ आणि जागा अचूक हवी.

पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दूरध्वनी १०६४. बेकायदा अटक, गंभीर दुखापत किंवा खंडणीसारखा प्रकार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण किंवा राज्य मानवी हक्क आयोग, दोन्ही मुंबईतच आहेत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तिथे निदान एक वर्ष ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं आहे. रस्त्यावरच्या किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्यांना ही मुदत लागू नाही, तिथलं चित्रीकरण लवकर पुसलं जातं. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा दुकानदाराला दुसऱ्याच दिवशी लेखी विनंती द्या, आणि ठाण्यातल्या चित्रीकरणासाठी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज त्याच आठवड्यात टाका.