एच-मोड

टोकामॅक या कंकणाकृती यंत्रात चुंबकीय क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्माला (विद्युतभारित कणांच्या अतितप्त वायूला) पुरेशी उष्णता दिली, की त्याची ऊर्जा धरून ठेवण्याची क्षमता एकाएकी साधारण दुपटीने वाढते. या अवस्थेला एच-मोड (‘हाय कन्फाइनमेंट मोड’, म्हणजे उच्च बंदिस्तीची अवस्था) म्हणतात. जर्मनीतील गार्शिंग येथे आस्डेक्स टोकामॅकवर १९८२ मध्ये फ्रिट्झ वाग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना ती प्रथम आढळली. कोणत्याही सिद्धांताने तिचे भाकीत केलेले नव्हते. ती निखळ प्रयोगातून हाती आली, हे तिच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे.

त्याआधीचा अनुभव निराशाजनक होता. उदासीन अणूंच्या झोताने प्लाझ्मा जितका जास्त तापवावा, तितकी त्यातील उष्णता अधिक वेगाने बाहेर निसटत असे. आस्डेक्समध्ये मात्र तापन-शक्तीने एक उंबरठा ओलांडताच प्लाझ्माच्या कडेकडून येणारा हायड्रोजनचा तांबडा प्रकाश क्षणार्धात मंदावला आणि घनता वाढू लागली, म्हणजे कण बाहेर जाण्याचे प्रमाण घटले होते. कडेचा प्लाझ्मा वेगळ्या कप्प्याकडे वळवणारी डायव्हर्टर ही रचना या यंत्रात होती, आणि तिचा या शोधात मोठा वाटा आहे.

उष्णता आणि कण अडवणारा हा बांध प्लाझ्मा स्वतःच घालतो. कडेच्या काही सेंटिमीटर जाडीच्या थरात त्रिज्येच्या दिशेने तीव्र विद्युत क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे शेजारशेजारचे पापुद्रे वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि उष्णता बाहेर वाहून नेणारे भोवरे फाटून लहान होतात. अमेरिकेतील डीथ्री-डी टोकामॅकवर १९९० च्या सुमारास झालेल्या वर्णपटीय मापनांनी या विद्युत क्षेत्रातील बदलाला पुष्टी दिली. उंबरठ्याची शक्ती घनता, चुंबकीय क्षेत्र आणि प्लाझ्माचे पृष्ठफळ यांवर अवलंबून असते. परंतु तिचे आकडे आजही मुख्यतः अनेक यंत्रांवरील मोजमापांतून काढावे लागतात.

कडेला दाब असा उभ्या कड्यासारखा चढला, की तो अधूनमधून ढासळतो. या स्फोटांना ईएलएम (‘एज लोकलाइज्ड मोड’, म्हणजे कडेपुरती अस्थिरता) म्हणतात. लहान यंत्रांत ते सोसवतात, किंबहुना साचलेली अशुद्ध द्रव्ये बाहेर टाकण्यास उपयोगी पडतात. मोठ्या यंत्रात मात्र त्यांच्या उष्णतेने डायव्हर्टरचे पृष्ठभाग झिजू शकतात. म्हणून बाहेरच्या वेटोळ्यांनी कडेच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित विस्कळीतपणा आणणे, किंवा गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या मारून लहान स्फोट वारंवार घडवणे, असे उपाय योजले जातात. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आणि भारताचाही सहभाग असलेल्या ईटर यंत्राचे ५० मेगावॉट तापनातून ५०० मेगावॉट संमीलन-शक्ती (हलकी अणुकेंद्रके जुळून मिळणारी शक्ती) मिळवण्याचे उद्दिष्ट एच-मोड गृहीत धरूनच ठरवलेले आहे.