पन्नास मीटरचं अंतर आणि एका दिवसाचं अंतर

विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याचा विषय निघाला की एमआयटीचे प्राध्यापक टॉमस अ‍ॅलन यांचा, अंतर वाढलं की बोलणं कमी होतं हे दाखवणारा आलेख पुढे येतो आणि बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा पुरावा म्हणून वापरला जातो. मीटरमध्ये मोजायचं अंतर आणि तासांत मोजायचं अंतर यांची त्यात सरमिसळ होते.

पहिलं सर्वांना ठाऊक आहे. दोन अभियंत्यांची टेबलं जितकी लांब, तितकं त्यांचं तांत्रिक बोलणं कमी. ५० मीटरपुढे ते जवळपास थांबतंच. पण अ‍ॅलन यांनी मोजली ती एकाच संस्थेतली माणसं. प्राध्यापक आणि कंपनी यांच्यामध्ये गेटपास, गोपनीयतेचा करार आणि पेटंट कोणाचं हा प्रश्न असतो. म्हणून ‘कॅम्पसला लागून इमारत बांधा, सहकार्य आपोआप होईल’ हे वाक्य आता बंद व्हायला हवं. आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कनेही नुसत्या शेजारावर भिस्त ठेवलेली नाही. तिथल्या कंपन्यांना संस्थेबरोबर काम करून क्रेडिट, म्हणजे सहकार्याचे गुण, मिळवावी लागतात.

घोळ होतो तो दुसऱ्या अंतरात. सहज गाठ पडण्याची शक्यता एकदा संपली की भेट ठरवूनच होते, मग कंपनी ५०० मीटरवर असो की ५ किलोमीटरवर. पुढचा खरा उंबरठा एकच: सकाळी निघून काम उरकून रात्री घरी पोहोचता येतं का? माटुंग्याच्या आयसीटीतून, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, डोंबिवलीचा कारखाना लोकलच्या टप्प्यात आहे. महाडला जायचं तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच जातो आणि मुक्कामाची तयारी ठेवावी लागते.

हा उंबरठा एवढा महत्त्वाचा का, ते स्केल-अपमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतली अभिक्रिया कारखान्याच्या प्रमाणात नेताना, कळतं. १ लिटरच्या फ्लास्कमधली अभिक्रिया तशाच घडणीच्या १,००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेली की आकारमान हजारपट होतं, उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र फक्त शंभरपट. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला एक दशांश पृष्ठभाग उरतो. प्रयोगशाळेत अर्ध्या तासात ओतलेलं रसायन इथे काही तास थेंबथेंब सोडावं लागतं आणि तेवढ्या वेळात अशुद्धी वाढू शकते. कारखान्याच्या ईमेलमध्ये ‘यील्ड कमी आली’, म्हणजे माल कमी निघाला, एवढंच असतं. फेस आला म्हणून ऑपरेटरने स्टररचा, म्हणजे ढवळणीचा, वेग उतरवला होता, हे त्यात नसतं. ते रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहूनच दिसतं.

म्हणून भेटीची तारीख मीटिंगवरून नव्हे, बॅचवरून ठरवा. रसायन सोडण्याचा टप्पा रात्रपाळीत येत असेल तर दुपारच्या चहाला पोहोचलेल्या संशोधकाचा काही उपयोग नाही. बॅच पहाटे चार्ज करायला, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये भरायला, सांगा, किंवा मुक्कामाचा खर्च करारातच लिहून घ्या. हा खर्च वाचवणारे प्रकल्प एका बॅचमध्ये त्याहून कितीतरी जास्त घालवतात.

लांबच्या कारखान्यातून नमुना मागवत असाल तर अभिक्रिया जागेवरच थांबवून, म्हणजे क्वेंच करून, बाटलीवर वेळ आणि तापमान लिहून पाठवायला सांगा. नाहीतर कुरिअरच्या दोन दिवसांत बाटलीतली अभिक्रिया चालू राहू शकते आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, दिसणारी अशुद्धी रिअ‍ॅक्टरमधली की प्रवासातली, हे कोणालाच सांगता येत नाही.

व्हिडिओ कॉल आकडे तपासायला पुरतो. पहिल्या तीन बॅचना मात्र माणूसच पाठवा, शक्यतो फ्लास्कमधला प्रयोग स्वतः केलेला पीएचडीचा विद्यार्थी.