हातजाळ्याचे कडे: सरळ लाकूड गोल कसे झाले

गळाला लागलेला मासा पाण्यात असतो तोवर त्याचे वजन पाणीच पेलून धरते. वर उचलताना मात्र सगळा भार दोरीवर येतो, त्यात मासा झटका देतो आणि इतका वेळ टिकलेली दोरी नेमकी काठाशी येऊन तुटते. हातजाळे आहे ते या शेवटच्या हातभर अंतरासाठी. एक कडे, एक मूठ, खाली लोंबणारी पिशवी, एवढाच त्याचा पसारा. ते घरी करायला बसलेला माणूस सर्वात जास्त अडतो तो कड्याशी. या वस्तूचा इतिहासही बराचसा कड्याचाच आहे.

जाळे विणण्याची कला कितीतरी जुनी. १९१३ साली कारेलियातल्या आंत्रेया इथे, तेव्हाच्या फिनलंडमध्ये, दलदलीच्या कुरणात चर खणताना एक जाळे सापडले. वाळुंजाच्या कुळातल्या विलो झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांचे ते जाळे सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीचे आहे. ते पाण्यात लावायचे लांब जाळे होते. हातात धरून वापरायची जाळी इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या प्राचीन थडग्यांच्या भिंतींवर कोरलेली दिसतात. आणि गळाच्या जोडीला हातजाळे कसे वापरायचे याचा नियम १७व्या शतकातल्या इंग्लंडमधला, गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिणारा आयझॅक वॉल्टन सांगतो: जाळे माशाखाली घाल, पण दोरीला हात लावू नकोस, नाहीतर सगळेच तुटेल. साडेतीनशे वर्षे झाली, नवशिक्याला आजही पहिली सूचना हीच देतात.

आता कडे. लाकूड सरळ वाढते आणि आपल्याला ते गोल हवे असते. या अडचणीतून माणसांनी तीन वाटा काढल्या.

जपानची वाट मला सर्वात सुंदर वाटते. तिथल्या हातजाळ्याला ‘तामो’ म्हणतात. काया नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांदीवर एकाच जागेतून समोरासमोर दोन डहाळ्या फुटतात. अशी जोडी हेरून फांदी कापतात आणि मधला शेंडा छाटून टाकतात. खालचा भाग मूठ होतो. दोन्ही डहाळ्या ओल्या असतानाच साच्याभोवती दोन बाजूंनी वळवून बांधतात आणि सावकाश वाळू देतात. मग टोके तिरकी तासून एकमेकांवर बसवतात. मूठ आणि कडे एकाच लाकडाचे असल्याने त्यांच्यामध्ये सांधाच नसतो, आणि हातजाळे मोडते ते बहुतेक वेळा त्याच सांध्यात. आयू नावाचा नदीतला मासा धरताना जिवंत आयूच आमिष म्हणून सोडतात. मासा लागला की गळकरी प्रवाहात उभ्या उभ्या दोन्ही मासे पाण्याबाहेर उडवून हवेतच जाळ्यात झेलतो. म्हणून या कामाचे कडे ऐसपैस, ३६ ते ३९ सेंटिमीटर व्यासाचे असते. कडे थोडे जरी डुगडुगले तरी हा झेल साधत नाही.

दुसरी वाट वाफेची. लाकडाच्या तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ पडते आणि पट्टी वाकते. घरच्या कामासाठी सुतारांचा ढोबळ हिशोब आहे: २५ मिलिमीटर जाडीला तासभर वाफ. कड्याची पट्टी साधारण १० मिलिमीटरची असते, म्हणजे पंचवीस मिनिटे पुरतात. खरी परीक्षा पुढे. पेटीतून काढलेली पट्टी हातमोज्यातूनही पोळते, ओल्या लाकडाचा दरवळ येतो, आणि साच्यावर बसवायला जेमतेम अर्धा मिनिट मिळते. वळण निम्म्यावर आले की बाहेरच्या अंगाला बारीक कुसळ उभे राहते. ते दिसले की पट्टी गेलीच समजा. कारण सरळ आहे. वाफवलेले लाकूड आतल्या बाजूने भरपूर दबते, पण बाहेरच्या बाजूने शेकडा एक-दोन भागांपेक्षा जास्त ताणले जात नाही. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने हे ओळखले आणि बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट आवळून लाकूड वाकवले. ताण लोखंडाने घेतला, लाकडाच्या वाट्याला फक्त दबणे आले. १८५९ सालची त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर पोहोचली ती या युक्तीच्या बळावर. घरी कडे वाकवणाऱ्यानेही पोलादाची पातळ पट्टी अशीच वापरावी; माझ्या मते एवढ्या एका गोष्टीने निम्मी फुटतूट वाचते. भट्टीत कडकडीत वाळवलेले लाकूड मात्र घेऊ नये, ते वाफेला दाद देत नाही. अ‍ॅश, ओक, एल्म ही झाडे वाकायला नावाजलेली.

वेत याच वाटेवरचा, पण सोपा. वेत म्हणजे पाम कुळातला वेल. तो आतून भरीव असतो, म्हणून गरम पाण्यात भिजवला की न चेपता वळतो. बांबू पोकळ, तो अख्खा वाकवला तर चेपतो. त्याच्या चिपाच काढाव्या लागतात. वेताचे कडे हलके होते, पण जड माशाखाली लवते.

तिसरी वाट आज घरोघरी दिसते: दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या साच्याभोवती थरावर थर चिकटवायच्या. ही जुनी परंपरा आहे असे अनेकांना वाटते. पातळ पट्ट्या पूर्वीही काढता येत होत्या, पण पाण्यात टिकेल असा चिकटवणारा पदार्थ नव्हता. हाडांचा आणि चामड्याचा सरस ओल लागली की सुटतो. दुसऱ्या महायुद्धातले ‘मॉस्किटो’ हे लाकडी विमान सुरुवातीला दुधातल्या केसीनच्या सरसाने जोडत, आणि दमट उष्ण हवेत तो सरसही टिकेना. युद्धकाळात युरिया आणि रिसॉर्सिनॉलवर आधारलेले कृत्रिम सरस पुढे आले, नावा आणि विमानांसाठी. थरांचे कडे कायम भिजणाऱ्या कामात निर्धास्तपणे वापरता येऊ लागले ते त्यानंतर.

पिशवीची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. सूत, ताग आणि रेशीम हे जुने धागे. सूत पाण्यात कुजते, म्हणून जाळी काथाच्या पाण्यात उकळून मुरवत. धागा तांबूस-तपकिरी होई आणि जास्त टिके. १९३५ साली ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सने नायलॉन तयार केले आणि कुजण्याचा प्रश्नच मिटला. नायलॉनने नवी खोट मात्र आणली. धागा गुळगुळीत, त्यामुळे साधी गाठ सरकते आणि आस, म्हणजे जाळ्यातली भोके, लहानमोठे होतात.

पण खरी उलथापालथ झाली ती मासा परत सोडण्याच्या रिवाजाने. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच आहे. गाठीची खरखरीत पिशवी तो थर खरवडते, खवले उपटते आणि पर फाडते. ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या २००३ च्या एका अभ्यासात रबर आणि बिनगाठीच्या नायलॉनपेक्षा खरबरीत, गाठी असलेल्या जाळ्यांनी जास्त इजा केल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये तर गळाच्या मासेमारीसाठी गाठींचे किंवा धातूचे हातजाळे वापरायला नियमानेच बंदी आहे. म्हणजे ज्या गाठीवर ही कला हजारो वर्षे उभी राहिली, तीच गाठ तिथे आता चालत नाही.

मला हे हातविणीचे नुकसान वाटत नाही. मासा जिवंत परत जायचा असेल तर पिशवी बिनगाठीचीच हवी. हाताचे कसब दाखवायला कडे आहेच. त्याच्या बाहेरच्या अंगाला सगळीकडून उथळ खाच मारायची, खाचेत भोके पाडायची आणि पिशवी ओवायचा दोरा त्या खाचेत पुरता बुडवायचा, म्हणजे कडे दगडावर घासले तरी दोरा झिजत नाही.