दुय्यम संदर्भ (संशोधनलेखन)

दुय्यम संदर्भ : एखाद्याचे विधान, आकडा किंवा अवतरण मूळ लेखनात न पाहता, दुसऱ्या कोणी आपल्या ग्रंथात दिलेले वाचून तेथून घेणे, आणि ते तेथूनच घेतले आहे हे वाचकाला सांगणे. नियम एका वाक्यात मावतो : जे पान डोळ्यांखालून गेले त्याचाच संदर्भ द्यायचा. मूळ ग्रंथ न पाहता पाहिल्यासारखी तळटीप देणे ही खोटी साक्ष ठरते, मग त्यातला मजकूर तंतोतंत बरोबर का असेना.

दुय्यम साधन आणि दुय्यम संदर्भ यांत विद्यार्थ्यांची नेहमी गल्लत होते. अस्सल साधन म्हणजे त्या काळचे पत्र, ताम्रपट, हिशेब किंवा प्रयोगाची मूळ नोंद. दुय्यम साधन म्हणजे त्यांच्या आधारे नंतर लिहिलेले विवेचन. गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ मराठ्यांच्या इतिहासाचे दुय्यम साधन आहे. पण सरदेसाईंचे स्वतःचे मत सरदेसाईंच्याच पानावरून घेतले तर तो सरळ संदर्भ झाला. त्यात दुय्यम काही नाही. त्याच पानावर त्यांनी एखाद्या पत्रातल्या चार ओळी दिल्या असतील आणि आपण त्या ओळी उचलल्या, तर मात्र तो दुय्यम संदर्भ होतो. साधनाचा दर्जाही विषयावर ठरतो. मराठी इतिहासलेखनाची परंपरा अभ्यासणाऱ्यासाठी रियासत हेच अस्सल साधन आहे.

मूळच हरवलेले असते तेव्हा

काही वेळा दुसरा मार्गच नसतो. गुणाढ्याची पैशाची भाषेतली ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तिची ओळख सोमदेव आणि क्षेमेंद्र यांच्या संस्कृत रूपांतरांतून होते. मेगॅस्थेनिसच्या ‘इंडिका’चे तसेच. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या या ग्रीक वकिलाचा ग्रंथ नष्ट झाला. स्ट्रेबो, अरायन, डायोडोरस अशा नंतरच्या लेखकांनी त्यातले जे दिले तेवढेच हाती आहे. श्वानबेक यांनी ही अवतरणे १८४६ मध्ये एकत्र केली आणि मॅक्रिंडल यांनी १८७७ मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. तरीही ‘मेगॅस्थेनिस, इंडिका, पृ. ६५’ अशी तळटीप प्रबंधांत सापडते. असे पान जगात कोठेही नाही.

पाटलिपुत्राचे वर्णन घ्या. शहर ८० स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप) लांब आणि १५ स्टेडिया रुंद, भोवती लाकडी तट आणि खंदक, ही माहिती स्ट्रेबोच्या पंधराव्या खंडात आहे. तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते हा तपशील मात्र अरायन देतो. ‘मेगॅस्थेनिस म्हणतो’ एवढेच लिहून दोन्ही एकत्र केले की कोणता आकडा कोणाच्या हातून आला हे पुसले जाते. त्यात भर म्हणजे अरायनच्या स्वतःच्या ग्रंथाचे नावही ‘इंडिका’च आहे. म्हणून नुसते ‘इंडिका’ लिहू नये, ‘मेगॅस्थेनिस, अरायनच्या इंडिकामध्ये उद्धृत, प्रकरण १०, अनुवाद मॅक्रिंडल’ असे लिहावे. अशा प्राचीन ग्रंथांसाठी खंड-प्रकरणाचा अंक पृष्ठांकापेक्षा अधिक उपयोगी, कारण तो सर्व आवृत्त्यांत सारखा राहतो. आपण वाचलेल्या अनुवादाचे पान त्याच्या जोडीला द्यावे.

मधला लेखक काय हेतूने उद्धृत करतो हेही पाहावे लागते. भारतात गुलाम नाहीत हे मेगॅस्थेनिसचे विधान अरायन जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून देतो. स्ट्रेबो ते देतो, पण लगेच अलेक्झांडरबरोबर आलेल्या ओनेसिक्रिटसचे वेगळे म्हणणेही मांडतो, की ही गोष्ट सिंधमधल्या मुसिकॅनस राजाच्या प्रदेशापुरती होती. शिवाय भारताविषयी लिहिणाऱ्यांना स्ट्रेबो एके ठिकाणी सरळ खोटारडे म्हणतो, आणि त्यांत मेगॅस्थेनिसही येतो. एकाच मूळ विधानाला दोन मधल्या माणसांनी वेगवेगळे वजन दिले. मधल्याचे नाव गाळले की हे वजन वाचकाला कळतच नाही.

मराठी इतिहासातील साधने

मराठीत हा प्रश्न सर्वांत जास्त दफ्तरांच्या बाबतीत येतो. ‘पेशवे दफ्तर’ या दोन शब्दांचे दोन अर्थ आहेत : पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि त्यांतून निवडून सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात छापलेले ४५ खंड. छापील खंडातले बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर वाचले असेल तर खंड क्रमांक आणि लेखांक, म्हणजे त्या खंडातला कागदाचा क्रमांक, द्यावा. रुमालाचा क्रमांक तोच देऊ शकतो ज्याने रुमाल सोडून कागद पाहिला. दुसऱ्याच्या तळटिपेतला रुमाल क्रमांक आपल्या तळटिपेत उतरवण्याचा प्रकार सर्रास चालतो, आणि तो उघडा पडायला वेळ लागत नाही : पहिल्याने चुकवलेला एक अंक पुढच्या पाचजणांकडे तसाच चुकलेला दिसतो. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांनाही हेच लागू. तेथेही खंड आणि लेखांक हीच खरी खूण.

तारखांत वेगळी अडचण आहे. मूळ कागद शके आणि तिथी देतो, मधला लेखक इसवी सन देतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. जेधे शकावली या कालक्रमाने केलेल्या जुन्या टिपणातली शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी आहे. सरसकट ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे वर्ष १६३०. म्हणून मधल्या लेखकाने केलेले रूपांतर मूळ नोंद म्हणून देऊ नये. शके-तिथी सापडत असेल तर ती द्यावी आणि रूपांतर कोणाचे तेही सांगावे.

मूळापर्यंत जाण्याची रीत

आधी मधल्या ग्रंथातली तळटीप आणि संदर्भसूची दोन्ही पाहावीत. वर्ष किंवा आद्याक्षर दोहोंत वेगळे असेल तर तेथेच सावध व्हावे. लेख असेल तर डीओआय क्रमांकाने (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), नसल्यास शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधावा. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हे ऑनलाइन भांडार, जुन्या ग्रंथांसाठी इंटरनेट अर्काइव्ह. तेथे न मिळाल्यास ग्रंथपालाकडे आंतरग्रंथालय देवघेवीची मागणी करावी. ही सोय बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत असते आणि फार थोडे विद्यार्थी ती वापरतात. अलीकडचा लेख असेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवला तरी प्रत मिळते.

मूळ हाती आल्यावर केवळ ती ओळ शोधून थांबू नये. मागचे-पुढचे पान वाचावे आणि आकडा असेल तर तक्त्याखालची टीप वाचावी, कारण ‘फक्त शहरी कुटुंबे’, ‘रुग्णालयात दाखल असलेले’, ‘अंदाजे’ असे शब्द तेथेच असतात आणि उद्धृत करताना नेमके तेच गळतात. मजकूर जुळला की मूळ ग्रंथाचा सरळ संदर्भ द्यावा. मग मधल्याचे नाव द्यायची सक्ती राहत नाही. पण एखादे दुर्मीळ पत्र त्याच्या मेहनतीमुळेच सापडले असेल तर ‘या पत्राकडे लक्ष वेधले ते अमुक यांनी’ एवढे तळटिपेत लिहिणे हे त्याचे देणे आहे, आणि ते द्यावेच.

मूळ मिळत नसेल, दुर्मीळ असेल किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर दुय्यम संदर्भ योग्यच आहे. त्यात कमीपणा नाही. पण सहज मिळणारा मराठी किंवा इंग्रजी लेख न उघडता ‘उद्धृत’ लिहिणे हा आळस आहे, आणि परीक्षकाला तो लगेच दिसतो.

लिहायची पद्धत

संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) पद्धतीत, म्हणजे तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे, मजकुरात दोन्ही नावे येतात : (क्ष, १९६२, उद्धृत : य, १९९८, पृ. ११४). येथे क्ष मूळ लेखक, य मधला; पृष्ठांक यच्या ग्रंथाचा. शेवटच्या संदर्भसूचीत फक्त यचा ग्रंथ येतो, कारण आपण तोच वाचला. सर्वाधिक चूक येथे होते : क्षचा ग्रंथही सूचीत घातला जातो आणि सूची उगाच फुगते. एमएलए पद्धतही सूचीत फक्त मधला ग्रंथ घेते. शिकागो पद्धत मात्र मूळ आणि मधला अशा दोन्ही ग्रंथांचा पूर्ण तपशील मागते, आणि मुळात हा मार्ग शक्यतो टाळा असेच सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची सूचनाही तीच : शक्य तेथे मूळ संशोधनाचाच संदर्भ द्या. पद्धत कोणतीही चालेल, पण एका प्रबंधात एकच.

मराठी तळटिपांत ‘तत्रैव’ (त्याच ग्रंथात) आणि ‘उपरोक्त’ (वर दिलेला) हे शब्द दुय्यम संदर्भानंतर जपून वापरावेत. आधीच्या टिपेत दोन ग्रंथ असतील तर ‘तत्रैव’ कोणाबद्दल हे कळत नाही. तेथे लघुशीर्षक पुन्हा लिहावे. शब्दशः अवतरण असेल तर बाहेर दुहेरी आणि आत एकेरी चिन्हे. मधल्याने अवतरणाचा अनुवाद केला असेल तर ‘अनुवाद य यांचा’, आणि आपण केला असेल तर ‘मराठी अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ असे लिहावे. यने क्षचा सारांश दिला असेल तर तो अवतरणचिन्हांत घालायचा नाही, कारण ते शब्द क्षचे नाहीत. पुनर्मुद्रण वाचले असेल तर दोन्ही वर्षे द्यावीत, आणि पृष्ठांक हातातल्या प्रतीचा.

काय बिघडते

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचे एका परिच्छेदाचे पत्र आले. रुग्णालयातल्या ११,८८२ रुग्णांना किमान एकदा अफूजन्य वेदनाशामक दिले गेले होते आणि त्यांपैकी चौघांत व्यसनाची नोंद आढळली, एवढेच त्यात होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक शब्द नव्हता. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने या पत्राच्या ६०८ संदर्भांची छाननी छापली. त्यांपैकी ४३९ ठिकाणी, म्हणजे सुमारे ७२ टक्के, ते व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून दिले होते, आणि ४९१ ठिकाणी रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. मधल्या काळात उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने असंख्य घरे उद्ध्वस्त केली. मूळ पत्र वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

न वाचता दिलेले संदर्भ मुद्रणदोषांवरूनही पकडता येतात. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये पदार्थविज्ञानातल्या एका गाजलेल्या लेखाचे सुमारे ४,३०० संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा वर्ष चुकलेले होते, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५, आणि एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी. मूळ लेख समोर असता तर इतक्या जणांच्या हातून नेमका तोच अंक चुकला नसता. यावरून त्यांनी केलेला अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ वाचतात.

पालकातल्या लोहाची गोष्ट तर या विषयाच्या वर्गांतच सांगितली जाते : दशांशचिन्ह सरकल्याने पालकातले लोह दहापट मोजले गेले. १९८१ मध्ये हॅम्ब्लिन यांनी ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आधार न देता सांगितली. २०१० मध्ये सटन यांनी मागोवा घेतला, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीला पुरावा सापडला नाही. निष्काळजीपणाचा दाखला म्हणून दिलेली गोष्टच तपासल्याविना पसरली होती. २०१४ मध्ये रेकडाल यांनी ती कशी हातोहात फिरली हे दाखवून दिले.

साधर्म्य तपासणारे सॉफ्टवेअर यातले काही पकडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही. पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांवर असे तीन स्तर आहेत. मोजणीतून संदर्भ आणि संदर्भसूची वगळली जाते. त्यामुळे संपूर्ण सूची उसनी असली तरी अहवाल स्वच्छ येतो. ती जबाबदारी मार्गदर्शकाचीच राहते : सूचीतल्या कोणत्याही पाच नोंदी निवडून ‘पान दाखव’ म्हणावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्या वाटणाऱ्या तपशिलांसह देऊ लागल्यापासून ही तपासणी आणखी निकडीची झाली आहे.

या चुकांचे मूळ बहुधा टिपणे काढतानाच असते. सहा महिन्यांनी लिहायला बसल्यावर कोणते वाक्य कोठे वाचले हे आठवत नाही, आणि वहीत क्षचे नाव असल्यामुळे क्षचाच संदर्भ पडतो. म्हणून प्रत्येक टिपणावर त्याच क्षणी ‘मूळ पाहिले’ किंवा ‘यमधून’ अशी खूण करावी. झोटेरोसारख्या संदर्भ साठवणाऱ्या साधनात त्यासाठी टॅग लावता येतो. मूळ नंतर मिळाले की खूण बदलावी आणि पृष्ठांक नव्याने उतरवून घ्यावा, कारण यने दिलेला पृष्ठांक दुसऱ्या आवृत्तीचा असू शकतो.